हृदय प्रत्यारोपणानंतरचं कोलेस्टेरॉल: रुग्ण आणि घरचे नेहमी विचारतात ते प्रश्न

मी प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करते. हृदय बदललेल्या माणसांच्या घरून जे फोन येतात, त्यांत ताप, रक्तदाब आणि टॅक्रोच्या (म्हणजे टॅक्रोलिमस, शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती आवरणारं औषध) रक्तातल्या लेव्हलखालोखाल नंबर लागतो तो कोलेस्टेरॉलचा. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा सवडीने सगळे लिहून काढले. इथलं वाचून कुठलीही गोळी सुरू, बंद किंवा कमीजास्त करू नका. तुमच्या टीमशी बोलताना नेमकं काय विचारायचं, हे कळावं एवढ्यासाठी हे आहे.

डोनर तरुण होता, हृदय धडधाकट आहे. मग कोलेस्टेरॉलची एवढी काळजी कशाला?

याचं उत्तर फार जुनं आहे. जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये केलं. तो रुग्ण १८ दिवस जगला. (मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही फेब्रुवारी १९६८ मध्ये हे धाडस केलं होतं, पण रुग्ण काही तासच तग धरू शकला.) बर्नार्ड यांचे दुसरे रुग्ण फिलिप ब्लायबर्ग हे पेशाने दंतवैद्य. जानेवारी १९६८ मध्ये त्यांना २४ वर्षांच्या तरुणाचं हृदय बसवलं आणि ते १९ महिने जगले, समुद्रावर फिरायला जाण्याइतके बरे झाले. ऑगस्ट १९६९ मध्ये ते गेले तेव्हा शवविच्छेदनात त्या तरुण हृदयाच्या रक्तवाहिन्या चरबीच्या थरांनी भयंकर अरुंद झालेल्या आढळल्या. जे व्हायला एरवी वीस-तीस वर्षं लागतात, ते दीड-पावणेदोन वर्षांत झालं होतं.

या आजाराला डॉक्टर आज 'सीएव्ही' म्हणतात. तुमच्या फाइलमध्ये ही तीन अक्षरं कुठे ना कुठे सापडतील. नेहमीच्या ब्लॉकेजमध्ये नळीच्या एखाद्या जागी गाठ धरते. सीएव्हीमध्ये नळीचं आतलं अस्तर सगळीकडून, टोकापर्यंत जाड होत जातं. बारीक फांद्याही सुटत नाहीत. म्हणून स्टेंट घालून किंवा बायपास करून तो सहसा निस्तरत नाही. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर प्रत्यारोपणानंतर ५ वर्षांत साधारण तिघांतल्या एकाला आणि १० वर्षांत जवळजवळ निम्म्या लोकांना तो कमीअधिक प्रमाणात दिसतो.

त्याची सुरुवात कोलेस्टेरॉल एकटं करत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती त्या नळ्यांच्या अस्तराला परकं समजून डिवचत राहते, सीएमव्हीसारखा विषाणूसंसर्ग त्यात भर घालतो, डोनरचं वयही मोजलं जातं. पण असं डिवचलेलं अस्तर रक्तातली चरबी पटकन धरून ठेवतं. प्रतिकारशक्तीला आवर घालायला टॅक्रो आहे. चरबीचा पुरवठा तोडणं मात्र बरंचसं आपल्या हातात आहे.

ब्लॉकेज झालंच तर छातीत दुखेल ना? तेव्हा बघू.

बहुतेकदा दुखत नाही, आणि माझी सगळ्यात जास्त कळकळ याच प्रश्नावर आहे. प्रत्यारोपणात हृदयाच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात, नसा (म्हणजे मज्जातंतू) जोडल्या जात नाहीत. त्या कापल्या जातात त्या जातातच. काहींच्या बाबतीत काही वर्षांनी थोड्याफार परत येतात, पण त्यावर विसंबता येत नाही. तुमची नाडी बसल्या जागी ९० ते १०० च्या घरात असते, त्याचंही कारण हेच. रक्त कमी पडल्याची कळ मेंदूपर्यंत पोचवायला तारच नाही.

मग दिसतं काय? जिना चढताना लागणारी धाप, नेहमीच्या फेरीत मध्येच टेकावंसं वाटणं, पायांवर सूज, धडधडणं, चक्कर. "वय झालं आता" म्हणून ही लक्षणं अंगावर काढू नका. लक्षणं नसतानाही दरवर्षी किंवा ठरलेल्या अंतराने अँजिओ करायला सांगतात ते याचसाठी. "काहीच त्रास नाही, यंदाची अँजिओ राहू दे" असं म्हणणाऱ्यांना मी दरवेळी हेच सांगते की त्रास होणार नाही, हाच तर खरा त्रास आहे.

ऑपरेशनआधी कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं. आता एकदम कसं वाढलं?

नवं हृदय टिकवणारी औषधंच ते वाढवतात. बहुतेक सगळ्यांच्या बाबतीत पहिल्या वर्षभरात हे होतं, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड, भूक वाढवतं, वजन वाढवतं, साखर वाढवतं आणि यकृताला जास्त चरबी तयार करायला लावतं. सुरुवातीला डोस मोठा असतो, तो हळूहळू उतरतो, तसा हा भारही थोडा हलका होतो. सायक्लोस्पोरिन एलडीएल वाढवतं, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं कोलेस्टेरॉल. टॅक्रोलिमसमुळे ते तुलनेने कमी वाढतं, पण साखर वाढण्याची शक्यता जास्त, आणि साखर वाढली की ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, वर जातं. मायकोफेनोलेटचा या बाबतीत फारसा उपद्रव नाही.

सिरोलिमस आणि एव्हरोलिमस यांची गोष्ट चमत्कारिक आहे. रक्तवाहिन्यांचं अस्तर जाड होण्याची गती ही औषधं कमी करतात, म्हणून सीएव्ही दिसू लागल्यावर बऱ्याच जणांना मुद्दाम यांच्यावर आणलं जातं. आणि तीच रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड सगळ्यात जास्त चढवतात. औषध बदलल्यावर दोन-तीन महिन्यांनी आलेला रिपोर्ट पाहून घरचे घाबरतात. डॉक्टरांनी हे आधीच धरलेलं असतं. घाबरून एव्हरोलिमस बंद करू नका. वाढलेल्या चरबीवर इलाज आहे.

माझा रिपोर्ट नॉर्मल आहे. तरी कोलेस्टेरॉलची गोळी का?

कारण ती गोळी रिपोर्टसाठी दिलेलीच नाही. स्टॅटिन गटातली गोळी प्रत्यारोपणानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत जवळजवळ प्रत्येकाला सुरू होते, कोलेस्टेरॉल कितीही असो. मुलांच्या बाबतीत निर्णय वेगळा असू शकतो.

यामागे एक महत्त्वाचा अभ्यास आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसला डॉ. कोबाशिगावा आणि सहकाऱ्यांनी ९७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या औषधांबरोबर प्रावास्टॅटिन दिलं, दुसऱ्याला दिलं नाही. १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाअखेरीला गोळी घेणाऱ्यांत १०० पैकी ९४ हयात होते, न घेणाऱ्यांत ७८. नुसतं कोलेस्टेरॉल उतरल्याने एका वर्षात इतका फरक पडत नाही. गोळीवाल्या गटात हृदयाचं काम ढासळवणारं तीव्र रिजेक्शन (शरीराने नवं हृदय नाकारणं) कमी झालं आणि रक्तवाहिन्याही कमी जाड झाल्या. पुढे जर्मनीत सिम्व्हास्टॅटिनवर झालेल्या अभ्यासातही फायदा दिसला. स्टॅटिन प्रतिकारशक्तीलाही थोडा लगाम घालतं, असं तेव्हापासून मानलं जातं.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे की "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता गोळी बंद करा" असा सल्ला कुणीही दिला, अगदी पांढऱ्या कोटातल्या माणसाने दिला, तरी आधी प्रत्यारोपण टीमला फोन करा. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ते साध्या कोलेस्टेरॉलच्या रुग्णाचा विचार करत असतात.

एलडीएल किती हवं?

बऱ्याच केंद्रांत १०० च्या खाली ठेवतात. मधुमेह असेल, सीएव्ही दिसू लागला असेल किंवा मूळ आजारच रक्तवाहिन्यांचा असेल तर ७० च्या खाली आणायचा प्रयत्न होतो. तुमचा आकडा डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्या.

बायपासनंतर मला कोलेस्टेरॉलची ४० ची गोळी होती, आता १० चीच दिली. औषध कमी पडणार नाही का?

पडत नाही, कारण तुमच्या शरीरात ती १० ची राहतच नाही.

यकृत स्टॅटिन आत ओढून घेतं आणि त्याचा निकाल लावतं. सायक्लोस्पोरिन नेमकी ही आत घ्यायची वाट अडवतं, आणि काही स्टॅटिन मोडणारं यंत्रही मंद करतं. मग गोळी रक्तात साचत जाते. सायक्लोस्पोरिनबरोबर रोसुव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण ७ पटींच्या आसपास वाढलेलं मोजलं गेलं आहे. म्हणजे ५ मिलिग्रॅमची बारीकशी गोळी ३५ सारखी वागते. म्हणून सायक्लोस्पोरिनवर असलेल्यांना रोसुव्हास्टॅटिन ५ च्या वर देत नाहीत, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन टाळतात किंवा १० वर थांबतात, आणि सिम्व्हास्टॅटिन तर देतच नाहीत. टॅक्रोचा परिणाम इतका मोठा नसतो, तरी डॉक्टर कमी डोसपासून सुरू करून जपून वाढवतात. प्रावास्टॅटिनवर पुरावा चांगला आहे, पण आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर बहुतेक अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिनच असतं.

यातून दोन धोके निघतात. घरात जुन्या ४० च्या स्ट्रिप उरलेल्या असतात, आणि "वाया कशाला घालवायच्या" म्हणून त्या वापरल्या जातात. त्या काढून टाका. दुसरा धोका जोडगोळ्यांचा. आपल्याकडे स्टॅटिन अ‍ॅस्पिरिनबरोबर, क्लोपिडोग्रेलबरोबर, फेनोफायब्रेटबरोबर एकाच गोळीत येतं आणि ब्रँडच्या नावावरून काही पत्ता लागत नाही. म्हणून स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा. शेवटी 'स्टॅटिन' येणारं नाव दोन वेगळ्या स्ट्रिपवर दिसलं तर दोन्हींचा फोटो आम्हाला पाठवा.

मांड्या आणि दंड दुखतात. गोळीमुळे असेल का?

असू शकतं. दुखणं दोन्ही बाजूंना, मोठ्या स्नायूंत असेल, खुर्चीतून उठताना किंवा हात वर करून केस विंचरताना जड जात असेल, तर त्याच दिवशी कळवा. सीपीके नावाची रक्ताची साधी तपासणी असते. सगळ्यांचंच दुखणं गोळीचं नसतं. स्टिरॉइडनेही मांड्या अशक्त होतात, ड जीवनसत्त्व कमी असतं. पण ते ठरवायचं काम रक्ताच्या रिपोर्टचं.

एक फोन मी विसरू शकत नाही. रात्री नऊच्या सुमारास एका रुग्णाच्या पत्नीचा व्हिडिओ कॉल आला. "ताई, यांना संडासातून उठवेना. दोघांनी धरून आणलं." आधी तापाबद्दल विचारलं, मग म्हटलं, सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा. त्यांनी स्टीलच्या ताटात एकेक स्ट्रिप मांडली आणि फोन वरून धरला. टॅक्रो, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. आणि ताटाच्या कडेला, निम्मी संपलेली, क्लॅरिथ्रोमायसिन. आठ दिवसांपूर्वी खोकला झाला म्हणून गावात दाखवलं होतं, तिथे ती मिळाली होती. लघवीचा रंग विचारला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "कोऱ्या चहासारखा."

क्लॅरिथ्रोमायसिनने अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि टॅक्रो दोन्हींच्या पातळ्या चढवल्या होत्या. स्नायू विरघळून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकत होतं. त्याच रात्री दाखल केलं, सलाइन लावलं, दोन्ही औषधं सांभाळली. मूत्रपिंड वाचलं. आठवड्याने ते स्वतःच्या पायांनी घरी गेले. खोकल्याचं औषध देणाऱ्या डॉक्टरांना प्रत्यारोपणाचं कुणी सांगितलंच नव्हतं. "साध्या खोकल्याला काय सांगायचं" असं घरच्यांना वाटलं होतं.

स्नायूंच्या असह्य वेदना, अंगातली ताकद गेल्यासारखी आणि चहाच्या रंगाची लघवी, ही तीन लक्षणं म्हणजे सकाळची वाट न पाहता दवाखाना.

मग कोणती औषधं न विचारता घ्यायचीच नाहीत?

क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं. बुरशीवरची फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल. गजकर्ण-नायट्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडून इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल सर्रास मिळतात, ते लक्षात ठेवा. गाउटसाठीचं कोल्चिसिन स्टॅटिनबरोबर स्नायूंना त्रास देतं. रक्तदाबाचं डिल्टियाझेम. क्षयावरचं रिफाम्पिसिन उलटं वागतं, ते टॅक्रोची पातळी पार खाली आणतं आणि रिजेक्शनला दार उघडतं. यांतली काही औषधं तुमचे डॉक्टर स्वतःही देतात, पण तेव्हा बाकीचे डोस बदलून आणि लेव्हल तपासत देतात. म्हणून नवीन औषध, मग ते तीन दिवसांचं का असेना, आधी फोन. साध्या दुखण्यावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकही नको, कारण टॅक्रोने आधीच ताण आलेल्या मूत्रपिंडाला ती झेपत नाहीत.

गणपतीत पपनस आणतो. खाल्लं तर चालेल?

नाही. कोकणातल्या माणसाला हे सांगताना मलाही जड जातं, कारण माटवीत (गणपतीच्या वर फळं-पानं बांधायची चौकट) बांधलेलं पपनस उतरवून सोलून खाणं हा आनंदाचा भाग आहे. पण पपनस हे ग्रेपफ्रूटचं सख्खं नातलग. या फळांतली द्रव्यं आतड्यातलं तेच यंत्र बंद पाडतात जे टॅक्रो, सायक्लोस्पोरिन आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन मोडतं. परिणाम एक-दोन दिवस टिकतो, त्यामुळे "गोळी सकाळी घेतली, फळ संध्याकाळी खाल्लं" ही युक्ती चालत नाही. माटवीला बांधा, प्रसाद घरच्यांना द्या. नेहमीची मोसंबी आणि संत्री चालतात.

गुळवेल, गुग्गुळ, लसणाच्या कॅप्सूल?

प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीही नको. आपण रोज इतकी औषधं ती आवरायला घेतो आहोत. कोविडच्या काळात घराघरांत गुळवेलाचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. प्रत्यारोपण झालेल्याच्या बाबतीत यकृताबरोबर रिजेक्शनचीही भीती. गुग्गुळ औषधं मोडणाऱ्या यंत्राशी खेळतं, त्यामुळे टॅक्रोची पातळी हलू शकते. 'नैसर्गिक' म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या लाल यीस्ट राइसमध्ये तर लोव्हास्टॅटिनच असतं, म्हणजे नकळत दुसरं स्टॅटिन. फोडणीतला लसूण, भाजीतली हळद, आलं घातलेला चहा यांना हरकत नाही. कॅप्सूल, अर्क, काढे नकोत. आयुर्वेदाबद्दल मला आदर आहे. पण या औषधांसोबत काय चालतं याची मोजदाद झालेली नाही आणि प्रयोग तुमच्या हृदयावर व्हायला नको.

स्टॅटिन घेऊनही एलडीएल खाली येत नाही. पुढे काय?

आधी आम्ही गोळ्यांचा डबा पाहतो. कितीतरी वेळा गोळी घेतलेलीच नसते. कुणी इंटरनेटवर काही वाचलेलं असतं, कुणाला वाटतं इतक्या गोळ्यांत ही एक नसली तर काय बिघडतं. रागावणार नाही, पण खरं सांगा. नाहीतर डॉक्टर उगाच डोस वाढवतील.

डबा ठीक असेल तर पुढची पायरी बहुधा एझेटिमाइब. ते आतड्यातून शोषलं जाणारं कोलेस्टेरॉल अडवतं आणि एलडीएल साधारण पाचव्या हिश्शाने उतरवतं. स्टॅटिनचा डोस न वाढवता काम होतं म्हणून आमच्या रुग्णांना ते सोयीचं पडतं. सायक्लोस्पोरिन चालू असेल तर लेव्हलवर लक्ष ठेवतात. त्यानंतर इंजेक्शनं आहेत. एव्होलोक्युमॅब, अलिरोक्युमॅब पोटाच्या कातडीखाली दर दोन आठवड्यांनी घ्यायची असतात, आणि इन्क्लिसिरान सुरुवातीच्या दोन डोसनंतर सहा महिन्यांतून एकदा. यांचा टॅक्रोशी संघर्ष होत नाही आणि एलडीएल निम्म्याहून खाली येऊ शकतं. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांमधला अनुभव मात्र अजून थोडा आहे, आणि खर्च मोठा. स्टॅटिन सोसतच नाही किंवा सीएव्ही वाढतो आहे, अशांसाठी हा विचार होतो.

ट्रायग्लिसराइडसाठी जेमफायब्रोझिल स्टॅटिनबरोबर देत नाहीत. फेनोफायब्रेट सायक्लोस्पोरिनबरोबर मूत्रपिंडाला जड जातं. कोलेस्टायरामिनची पूड मायकोफेनोलेट आणि सायक्लोस्पोरिन नीट शोषू देत नाही. फॅमिली डॉक्टरांनी यांतलं काही सुचवलं तर आमच्याशी बोलायला सांगा, आम्ही आनंदाने बोलतो.

जेवणात काय बदलायचं?

पहिल्यांदा तेलाचा हिशेब करा. माणशी महिन्याला अर्धा लिटर. चार माणसांच्या घरात महिन्याला दोन लिटर. कुठलं तेल हा वाद नंतर घालू, आधी किती हे बघा. एका रुग्णाच्या सूनबाईंनी महिन्याच्या एक तारखेला दोन लिटरचा डबा वेगळा काढून त्याच्या मध्यावर खडूने रेघ मारली. पंधरा तारखेला रेघेच्या खाली गेलं की भजी पुढच्या महिन्यात. मला ही पद्धत कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त आवडली.

तळणीचं तेल पुन्हा वापरू नका. २०२२ पासून तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, पण गाड्यावरच्या कढईत दिवसभर उकळणाऱ्या तेलाला तो नियम पोचत नाही. वडापाव त्यासाठी नको, आणि बाहेरच्या संसर्गासाठीही नको. खोबरं, तूप, साय, लोणी यांतली चरबी एलडीएल वाढवते. वाटणात ओल्या खोबऱ्याऐवजी निम्मे भाजलेले तीळ किंवा डाळं घालून चव राखता येते. वरणावर तुपाचा थेंब चालतो, पोळीवरचा चमचा नको.

कडधान्यं रोज खा. मटकी, चवळी, मसूर, कुळीथ यांतला विरघळणारा चोथा कोलेस्टेरॉल धरून बाहेर नेतो. मोड आलेलं कडधान्य मात्र कच्चं खाऊ नका, त्यात जंतूही वाढतात. शिजवून उसळ करा. ज्वारीची भाकरी, ओट्स, भेंडी, गवार चांगली. इसबगोल घेत असाल तर गोळ्यांपासून दोनेक तास लांब. मूठभर शेंगदाणे भाजून, पण बुरशीचा वास येणारे फेकून द्या. बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा नीट शिजवून किंवा कमी तेलात भाजून खायला हरकत नाही. कालवं कच्ची अजिबात नकोत. साखर आणि मैदा ट्रायग्लिसराइड वाढवतात, त्यामुळे "तेल नाही, फक्त बिस्किटं खातो" यात काही कमावलं जात नाही. दारूही ट्रायग्लिसराइड वाढवते.

एकादशी, नवरात्र, रमजान. उपवास करू का?

कडक उपवास आणि निर्जळी नको. पाणी कमी पडलं की टॅक्रोचा मूत्रपिंडावरचा भार वाढतो, आणि गोळ्यांचं बारा तासांचं वेळापत्रक मोडतं. नुसता पदार्थबदल असलेला उपवास टीमला विचारून करता येतो. तो करताना दिवसभर साबुदाणा आणि बटाट्याच्या वेफरवर काढू नका. राजगिरा, वरई, दही, फळं बरी.

चालायला किती जाऊ?

रोज अर्धा तास ठेवा, आणि तिथपर्यंत हळूहळू पोचा. नसा नसल्याने तुमचं हृदय चालायला लागल्याबरोबर वेग घेत नाही, ते रक्तातल्या संप्रेरकांची वाट पाहतं. म्हणून पहिली पाच-दहा मिनिटं संथ, आणि थांबतानाही तसंच, एकदम बसू नका. नाडी मोजून जोर ठरवू नका, ती तुम्हाला फसवेल. बोलता येतं पण गाता येत नाही, इतपत वेग बरोबर.

रक्त द्यायला जाताना काय लक्षात ठेवू?

सकाळी सातला माणूस लॅबमध्ये येतो, उपाशीपोटी, अगदी शहाण्यासारखा. आणि डब्यातला 'सकाळ'चा कप्पा रिकामा असतो, कारण सवयीने टॅक्रो घेऊन झालेली असते. मग लेव्हल खोटी येते आणि परत एक फेरी होते. टॅक्रोची लेव्हल पुढच्या डोसच्या आधी मोजतात. त्या दिवशीची सकाळची गोळी खिशात घेऊन या आणि रक्त दिल्यावर घ्या. आदल्या रात्री किती वाजता घेतली ते कागदावर लिहा. लिपिड प्रोफाइल त्याच वेळी होणार असेल तर रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास फक्त पाणी. स्टॅटिन सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर साधारण दीड ते तीन महिन्यांनी लिपिड आणि यकृताची तपासणी होते, पुढे टीम सांगेल तशी.

स्टॅटिनने मधुमेह होतो म्हणतात.

साखर थोडी वाढू शकते, हे खरं आहे. तुमच्या बाबतीत स्टिरॉइड आणि टॅक्रो ती त्याहून कितीतरी जास्त वाढवतात. साखरेवर औषध देता येतं. जाड झालेली नळी परत पातळ करता येत नाही.

मुलीचं प्रत्यारोपण झालंय, लग्न ठरतंय. पुढे मूल हवं असेल तर?

गर्भधारणेची चाहूल लागायची वाट पाहू नका, महिनोन्‌महिने आधी बोला. मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे, ते आधीच बदलावं लागतं. स्टॅटिनही थांबवतात. हा निर्णय हृदयाच्या आणि प्रसूतीच्या डॉक्टरांनी एकत्र बसून घ्यायचा असतो.

गोळी विसरलो तर?

स्टॅटिनची एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी एकच घ्या, दोन नकोत. टॅक्रो चुकली तर मात्र लगेच फोन करा, किती तास उलटले त्यावर उत्तर अवलंबून आहे.

गावी जातोय. तिथे डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर काय सांगू?

पोस्टकार्डाएवढ्या कागदावर वरती ठळक लिहा: 'हृदय प्रत्यारोपण झालं आहे', आणि वर्ष. खाली टॅक्रो किंवा सायक्लोस्पोरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, प्रत्येकीची पॉवर आणि वेळ. त्याखाली एक ओळ: 'क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल, फ्लुकोनाझोल, रिफाम्पिसिन, डायक्लोफेनॅक देण्याआधी कृपया फोन करावा', आणि टीमचा नंबर. एक प्रत पाकिटात, एक घरच्यांच्या मोबाइलमध्ये फोटो काढून, आणि एक गावातल्या मेडिकलवाल्याच्या काचेखाली. त्यांना नीट समजावून सांगितलं की ते जपून ठेवतात, असा माझा अनुभव आहे. टॅक्रोचा ब्रँड त्यांच्याकडे नसेल तर दुसरा घेऊ नका. निघतानाच पंधरा दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, एसटीच्या टपावरच्या बॅगेत नको.